जमीनहक्क, लोकसंख्या आणि पायाभूत सुविधा : केनियातील काजियाडोचा अनुभव

ग्रामीण विकासाचा अभ्यास करताना जमिनीची मालकी, लोकसंख्येची वाढ आणि पायाभूत सुविधा हे तीन विषय बहुधा स्वतंत्र प्रकरणांत मांडले जातात. पहिला विषय महसूल कायद्याचा, दुसरा जनगणनेचा आणि तिसरा अर्थसंकल्पाचा मानला जातो. प्रत्यक्षात मात्र हे तिन्ही घटक परस्परांवर सतत परिणाम घडवीत असतात. रस्ता आला की जमिनीचा भाव चढतो. भाव चढला की मालकीच्या कागदाला महत्त्व येते. कागद हाती आला की जमीन विकली जाते आणि नवी वस्ती उभी राहते. नव्या वस्तीला पुन्हा पाणी, वीज व रस्ते हवे असतात. या साखळीचा लाभ मूळ रहिवाशांना होईल की नाही, हे कोणता घटक आधी येतो आणि कोणता मागाहून, यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. केनियाच्या दक्षिण भागातील काजियाडो या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे.

काजियाडोचे क्षेत्रफळ सुमारे २१,९०० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस राजधानी नैरोबी, दक्षिणेस टांझानियाची सीमा, पूर्वेस माचाकोस व माकुएनी आणि पश्चिमेस महाखचदरी असे त्याचे स्थान आहे. न्गोंग टेकड्या आणि किलिमांजारोचा पायथा वगळता बहुतेक प्रदेश निमशुष्क आहे. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे पावसाचे दोन हंगाम असले तरी पाऊस बेभरवशाचा असून तो सर्वत्र सारखा पडत नाही. येथील मासाई समाजाने याच कारणामुळे शेतीऐवजी फिरते पशुपालन स्वीकारले. जेथे पाऊस पडेल तेथे गुरे न्यायची, हाच त्या अर्थव्यवस्थेचा पाया होता. अशा व्यवस्थेत जमिनीच्या एखाद्या तुकड्याच्या मालकीपेक्षा विस्तृत प्रदेशात वावरण्याचा हक्क अधिक मोलाचा असतो.

वसाहतकाळातील पार्श्वभूमी

मोंबासा ते किसुमू हा युगांडा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधण्यात आला. त्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेण्यात आले व त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास मजूर मृत्युमुखी पडले. १८९९ मध्ये रेल्वे नैरोबीस पोहोचली आणि मार्गालगतच्या सुपीक पठारांवर युरोपीय वसाहतवाल्यांची दृष्टी गेली. १९०४ च्या करारान्वये मासाई समाजाला खचदरीतील उत्तम कुरणे सोडून दोन राखीव प्रदेशांत जावे लागले. १९११ च्या दुसऱ्या कराराने उत्तरेकडील लायकिपिया राखीव प्रदेशही काढून घेण्यात आला व सर्वांना दक्षिणेकडे हलविण्यात आले. या कराराविरुद्ध मासाईंनी १९१३ मध्ये न्यायालयात धाव घेतली. परंतु दावा फेटाळण्यात आला. आजचा काजियाडो हा त्या दक्षिण राखीव प्रदेशाचाच एक भाग होय.

याच सुमारास काजियाडोच्या पश्चिमेकडील मगादी सरोवरातून नैसर्गिक सोडा काढण्यासाठी १९११ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि मुख्य रेल्वेमार्गापासून मगादीपर्यंत शाखा टाकण्यात आली. पुढे २००५ मध्ये टाटा केमिकल्स या मुंबईस्थित कंपनीने ब्रुनर माँड ही ब्रिटिश कंपनी घेतल्यानंतर मगादीचा उद्योग भारतीय उद्योगसमूहाकडे आला. रेल्वेची ही शाखा मासाई प्रदेशातून जात असली तरी तिची आखणी सोडा बंदरापर्यंत नेण्यासाठी झाली होती. गुरांचे मार्ग किंवा पाणवठे हा त्या आखणीचा निकष नव्हता. पायाभूत सुविधा एखाद्या प्रदेशातून जाणे आणि ती त्या प्रदेशासाठी असणे यांत अंतर असते, हे येथे प्रथम दिसून आले.

हक्कनोंदणीचे धोरण

१९५४ मध्ये वसाहत सरकारच्या कृषी खात्यातील आर. जे. एम. स्विनर्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी योजना जाहीर झाली. विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण, वैयक्तिक मालकीची नोंदणी, नगदी पिकांना परवानगी आणि कर्जपुरवठा ही तिची प्रमुख अंगे होती. हक्क सुरक्षित झाला की शेतकरी जमिनीत गुंतवणूक करील, आणि हक्कपत्र तारण ठेवून त्याला कर्ज मिळेल, हे तिचे गृहीतक होते. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या नोंदणीकृत जमीन कायद्याने हे धोरण पक्के केले.

या कायद्यातील एक तरतूद विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. भारतातील अधिकार अभिलेख, उदाहरणार्थ महाराष्ट्रातील सात-बारा उतारा, हा मालकीचा केवळ गृहीत पुरावा असतो; विरुद्ध पुरावा आल्यास ती नोंद बदलू शकते. केनियाच्या १९६३ च्या कायद्यानुसार मात्र जमिनीची पहिली नोंदणी जवळजवळ अभेद्य मानण्यात आली. ती फसवणुकीने झाली असली तरी नोंदवहीत दुरुस्ती करण्याचा अधिकार न्यायालयास नव्हता. परिणामी नोंदणीच्या क्षणी ज्याचे नाव लागले तो मालक ठरला, आणि ज्याचे नाव राहून गेले त्याचा परंपरागत हक्क कागदावरून पुसला गेला. २०१२ च्या जमीन नोंदणी कायद्याने ही स्थिती बदलली. फसवणुकीने, बेकायदेशीरपणे अथवा भ्रष्ट मार्गाने मिळविलेल्या हक्कपत्रास आता आव्हान देता येते. परंतु तोपर्यंत जवळजवळ अर्धशतक उलटून गेले होते.

समूह मालकीचा प्रयोग आणि विभाजन

कुरणांवर वैयक्तिक मालकी लादणे अव्यवहार्य होते, हे शासनाच्याही ध्यानात आले होते. म्हणून १९६८ च्या जमीन (समूह प्रतिनिधी) कायद्याने ‘ग्रुप रँच’ ही संकल्पना आणली. एका विशिष्ट क्षेत्राची मालकी नोंदणीकृत सदस्यांच्या समूहाकडे द्यायची आणि समूहाने निवडलेल्या तीन ते दहा प्रतिनिधींनी तिचे व्यवस्थापन करायचे, अशी ही रचना होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पशुधन विकास प्रकल्पातून पाणवठे, कूपनलिका, गोचिडनाशक स्नानहौद आणि कर्ज यांची जोड तिला देण्यात आली. काजियाडोत अशा पन्नासहून अधिक ग्रुप रँच स्थापन झाल्या.

त्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन यांचा सामाईक संसाधनांच्या शोकांतिकेविषयीचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. गुरे खाजगी आणि कुरण सामाईक असेल तर प्रत्येक जण गुरे वाढवीत जाईल व कुरण नष्ट होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ग्रुप रँचच्या रचनेमागेही हीच भीती होती. म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या गुरांवर मर्यादा घालण्याचे ठरले होते. ही मर्यादा प्रत्यक्षात कधीही नीट अमलात आली नाही. प्रतिनिधी समितीला परंपरागत ज्येष्ठांचा अधिकार नव्हता आणि आधुनिक संस्थेची शिस्तही नव्हती. समूहाच्या नावे काढलेल्या कर्जाचा बोजा सर्वांवर पडला. सदस्यांची मुले मोठी होऊन सदस्यत्व मागू लागली, तसा प्रत्येकाचा संभाव्य वाटा घटू लागला. आज वाटणी झाली नाही तर उद्या हिस्सा आणखी लहान होईल, या चिंतेने १९८० च्या दशकात विभाजनाची मागणी जोर धरू लागली आणि शासनानेही तिला अनुकूलता दर्शविली.

नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेस असलेल्या किटेंगेला ग्रुप रँचचे उदाहरण बोलके आहे. सुमारे १८ हजार हेक्टरांची ही रँच १९८८ मध्ये दोनशेहून अधिक सदस्यांत वाटण्यात आली. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सुमारे ८५ हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांहून थोडी अधिक जमीन आली. भारतीय शेतकऱ्याला हे क्षेत्र अवाढव्य वाटेल. तथापि जेथे पाऊस एका वर्षी येथे तर दुसऱ्या वर्षी वीस किलोमीटरवर पडतो, तेथे ८५ हेक्टरांचा एकच तुकडा एका कळपास वर्षभर पोसू शकत नाही. विभाजनाने प्रत्येक कुटुंबाला निश्चित सीमा दिली. परंतु सीमेपलीकडे गुरे नेण्याचा जो हक्क दुष्काळात विम्यासारखा उपयोगी पडत असे, तो मात्र गेला.

वाटणीही सर्वत्र समन्यायी झाली नाही. संशोधक एस्थर म्वांगी यांनी काजियाडोतील ग्रुप रँचच्या विभाजनाचा सविस्तर अभ्यास केला आहे. समितीचे सदस्य व त्यांच्या निकटवर्तीयांना मोठे आणि पाण्याजवळचे तुकडे मिळाले, तर विधवा व तरुण यांना डावलले गेले, असे त्यातून दिसते. सदस्यांच्या नोंदवहीत प्रामुख्याने पुरुष कुटुंबप्रमुखांची नावे होती. त्यामुळे सामाईक जमिनीवर वापराचा हक्क असलेल्या स्त्रिया वैयक्तिक मालकीच्या टप्प्यावर हक्कहीन झाल्या.

लोकसंख्येचे बदलते चित्र

विभाजनाच्या याच काळात लोकसंख्येचा आलेख वेगाने चढत होता. जनगणनेनुसार काजियाडोची लोकसंख्या व दर चौरस किलोमीटर घनता पुढीलप्रमाणे होती :

१९६९ : ८५,९०३ (घनता सुमारे ४)
१९७९ : १,४९,००५ (सुमारे ७)
१९८९ : २,५८,६५९ (सुमारे १२)
१९९९ : ४,०६,०५४ (सुमारे १९)
२००९ : ६,८७,३१२ (सुमारे ३१)
२०१९ : ११,१७,८४० (सुमारे ५१)

पन्नास वर्षांत काजियाडोची लोकसंख्या तेरापट झाली. याच अवधीत संपूर्ण केनियाची लोकसंख्या सुमारे १.०९ कोटींवरून ४.७६ कोटींवर, म्हणजे साडेचारपटीहून किंचित कमी वाढली. २००९ ते २०१९ या दशकात देशाचा वार्षिक वाढीचा दर सुमारे २.२ टक्के होता; काजियाडोचा दर ५ टक्क्यांच्या जवळपास होता. राष्ट्रीय दरानेच वाढ झाली असती तर २०१९ मध्ये येथील लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास राहिली असती. प्रत्यक्षात ती सुमारे पावणेतीन लाखांनी अधिक भरली. या फरकाचा मोठा भाग स्थलांतराने भरून काढला, असे अनुमान काढता येते.

स्थलांतराची दिशाही स्पष्ट आहे. नैरोबीलगतची किटेंगेला, ओंगाटा रोंगाई, न्गोंग आणि किसेरियन ही गावे राजधानीची उपनगरे बनली. १९९० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्रांचा कायदा झाला आणि किटेंगेलाच्या शेजारी आथी रिव्हर येथे असे क्षेत्र उभे राहिले. तेथील कामगारांना स्वस्त निवाऱ्याची गरज होती व तो किटेंगेलाच्या नुकत्याच वाटणी झालेल्या जमिनीवर उपलब्ध होता. २००९ मध्ये सुमारे ५८ हजार वस्तीचे किटेंगेला २०१९ च्या जनगणनेत दीड लाखांच्या पुढे गेले. म्हणूनच जिल्ह्याची सरासरी घनता ५१ असली तरी तो आकडा फसवा आहे. उत्तर सीमेवर दाट शहरी वस्ती आणि दक्षिण व पश्चिमेस विरळ कुरणे, असे दोन काजियाडो एकाच नकाशात सामावलेले आहेत.

पायाभूत सुविधा व जमिनीची किंमत

अर्थशास्त्रात जमिनीची किंमत म्हणजे तिच्यापासून भविष्यात मिळणाऱ्या उत्पन्नाचे आजचे मूल्य होय. कुरण म्हणून एका एकराचे उत्पन्न मर्यादित असते. परंतु डांबरी रस्ता, वीज आणि राजधानीचे सान्निध्य लाभले की त्याच एकराची गणना निवासी भूखंडांत होऊ लागते. केनियात सामान्य ग्राहकाला परवडणारा भूखंड बहुधा ५० बाय १०० फुटांचा, म्हणजे एकराच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढा असतो. अंतर्गत रस्त्यांसाठी जागा सोडूनही एका एकरात असे अनेक भूखंड बसतात. पशुपालकाला मिळणारी किंमत आणि भूखंडाच्या ग्राहकाने मोजलेली किंमत यांतील तफावत मध्यस्थाच्या पदरी पडते. ज्याला येऊ घातलेल्या रस्त्याची माहिती आधी मिळते, तो ती जमीन आधी विकत घेतो.

आथी रिव्हर–नामांगा–अरुशा हा आंतरराष्ट्रीय महामार्ग काजियाडोच्या मध्यातून जातो. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या प्रकल्पाखाली त्याची सुधारणा झाल्यावर दोन्ही बाजूंच्या जमिनींचे व्यवहार वाढले. मोंबासा–नैरोबी मानक रुंदीची रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली; तिचा पुढील टप्पा २०१९ मध्ये न्गोंगमार्गे खचदरीत उतरला. ग्रामीण विद्युतीकरणासाठी २००६ च्या ऊर्जा कायद्याखाली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि २०१५ पासून घराघरांत जोडणी देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. २०१९ च्या जनगणनेत देशातील निम्म्याहून किंचित अधिक कुटुंबांनी प्रकाशासाठी विजेच्या जाळ्याचा वापर नोंदविला, तर जवळपास पाचवा हिस्सा कुटुंबे सौरऊर्जेवर अवलंबून होती.

पाण्याची स्थिती मात्र वेगळी राहिली. किलिमांजारोच्या पायथ्याशी लोइटोकिटोकजवळील झऱ्यांतून निघणारी नोलतुरेश जलवाहिनी काजियाडो ओलांडून माचाकोस व आथी रिव्हरच्या दिशेने जाते. जलवाहिनीच्या वाटेवर राहणाऱ्या पशुपालकांना आणि तिच्या टोकाशी असलेल्या शहरी ग्राहकांना एकच पाणी हवे असते. परिणामी उपनगरांतील बहुसंख्य कुटुंबे कूपनलिका व टँकर यांवर विसंबून असतात. वस्ती आधी आणि सांडपाण्याची व पर्जन्यजलाची व्यवस्था मागाहून, या क्रमाची किंमतही मोजावी लागते. एप्रिल २०२४ च्या पुरात किटेंगेला परिसरातील वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या.

किंमतवाढीतून शासनाला वाटा मिळण्याच्या दृष्टीनेही व्यवस्था अपुरी होती. केनियाने भांडवली नफ्यावरील कर १९८५ मध्ये स्थगित केला होता. तो २०१५ पासून ५ टक्के दराने पुन्हा लागू झाला आणि २०२३ पासून १५ टक्के करण्यात आला. म्हणजे काजियाडोतील ग्रुप रँच विभागल्या जात असताना आणि जमिनींचे व्यवहार भरात असताना जवळजवळ तीस वर्षे हा नफा करमुक्त होता. शिवाय हा कर राष्ट्रीय शासनाचा आहे. जिल्हा शासनाकडे प्रामुख्याने मालमत्ता कर उरतो. स्थानिक रस्ते, पाणी व आरोग्यसेवा यांचा भार मात्र जिल्ह्यावरच असतो.

माचाकोसशी तुलना

काजियाडोच्या शेजारचा माचाकोस हा प्रदेश १९३० च्या दशकात जमिनीची भयंकर धूप झालेला म्हणून कुप्रसिद्ध होता. मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी यांनी १९९४ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात त्याच प्रदेशाचे वेगळेच चित्र पुढे आले. १९३० च्या दशकापासून १९९० पर्यंत तेथील लोकसंख्या पाचपटीहून अधिक वाढली. तरीही उतारावर बांधबंदिस्ती झाली, झाडे वाढली आणि दरडोई शेती उत्पादनही वाढले. मातीचा बांध वरच्या बाजूला रचण्याची ‘फान्या जू’ ही पद्धत शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. लोकसंख्येचा दाब वाढला की उत्पादनाची तंत्रे सुधारतात, हा एस्टर बोसरुप यांनी १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत या अनुभवाने बळकट झाला. अन्नधान्यापेक्षा लोकसंख्या वेगाने वाढते, या माल्थसच्या प्रतिपादनाला हे उत्तर मानले जाते.

मग शेजारच्या काजियाडोत तसे का घडले नाही? याचे उत्तर जमिनीच्या उपयोगात आहे. माचाकोसमध्ये मातीत केलेले श्रम त्याच तुकड्यात साठून राहतात. बांध घातला, झाड लावले, कॉफीचे पीक घेतले तर त्याचे फळ बांध घालणाऱ्यालाच मिळते. म्हणून सुरक्षित मालकी गुंतवणुकीस प्रोत्साहन देते. शिवाय नैरोबीची बाजारपेठ व रस्ते यांमुळे उत्पादनाला भाव मिळाला आणि शहरातील मजुरीचा पैसा शेतीत आला. काजियाडोच्या कुरणात उत्पादनाचे मुख्य साधन हालचाल हे आहे. जमिनीचे तुकडे करून कुंपण घातले की ते साधनच खुंटते आणि प्रत्येक तुकड्याचे कुरण म्हणून मूल्य घटते. सुविधांमुळे त्याच तुकड्याचे भूखंड म्हणून मूल्य वाढत असते. या दोन्ही कारणांमुळे जमीन विकण्याचा मोह दुणावतो. सारांश, एकाच प्रकारच्या हक्कपत्राने एका जिल्ह्यात गुंतवणूक आली आणि दुसऱ्यात विक्री झाली.

दुष्काळाने या प्रक्रियेस गती दिली. २०२० च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम पाऊस अपुरा पडल्याने केनियात सुमारे २५ लाख जनावरे दगावली. गुरे गेलेल्या कुटुंबाजवळ शाळेचे शुल्क व औषधोपचार यांसाठी विकण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे जमीन. गुरे पुन्हा वाढविता येतात. विकलेली जमीन परत येत नाही.

विक्रीविना उत्पन्नाचे मार्ग

मालकी न सोडता जमिनीपासून उत्पन्न मिळविण्याचे काही प्रयोग येथे झाले. नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ मध्ये स्थापन झाले. ११७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाची केवळ दक्षिण बाजू खुली आहे व तेथूनच वन्यप्राणी किटेंगेलाच्या कुरणांत ये-जा करीत असत. ही वाट खुली राहावी म्हणून २००० मध्ये संवर्धन भाडेपट्टा योजना सुरू झाली. जमीन विकणार नाही, कुंपण घालणार नाही व शिकार करणार नाही, या अटींवर कुटुंबाला दर एकरी वर्षाला ४ डॉलर देण्यात येत. ही रक्कम शाळेच्या सत्रांशी जुळवून तीन हप्त्यांत दिली जात असे. दोनशे एकरांच्या कुटुंबास अशा प्रकारे वर्षाला ८०० डॉलर मिळत. दुष्काळी वर्षांत हा मोठा आधार होता. परंतु भूखंडाच्या बाजारभावाशी तुलना करता ही रक्कम अल्प होती आणि ती देणगीदारांच्या निधीवर अवलंबून होती. त्यामुळे महामार्गालगतच्या जमिनी ती रोखू शकली नाही.

किपेटो पवनऊर्जा प्रकल्पाचा अनुभव अधिक आश्वासक आहे. काजियाडोतील या १०० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पात ६० पवनचक्क्या असून तो २०२१ मध्ये कार्यान्वित झाला. येथे जमीन संपादित न करता मासाई कुटुंबांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आली. मालकी कुटुंबांकडेच राहिली, पवनचक्क्यांखाली गुरे चरू शकतात आणि जमीनधारकांना उत्पन्नात हिस्सा मिळतो. हे शक्य झाले, कारण कोणाशी करार करावयाचा हे हक्कनोंदीवरून निश्चित होते.

याउलट उत्तर केनियातील मार्साबिट जिल्ह्यातील लेक तुर्काना प्रकल्प ३६५ पवनचक्क्या व ३१० मेगावॅट क्षमतेचा असूनही जमिनीच्या वादात सापडला. तेथील सुमारे दीड लाख एकर सामाईक जमीन समाजाची संमती न घेता भाडेपट्ट्याने देण्यात आली, अशी तक्रार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरू येथील न्यायालयाने त्या जमिनीची हक्कपत्रे नियमबाह्य ठरविली. पारेषण वाहिनीचे कामही रखडले आणि २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांची वीज २०१८ मध्ये जाळ्यात आली. हक्काचा प्रश्न आधी न सोडविल्यास पायाभूत प्रकल्पाचीही हानी होते, हा त्यातील बोध होय.

नवी कायदेशीर चौकट

२०१० च्या राज्यघटनेने केनियातील जमिनीचे सार्वजनिक, सामुदायिक व खाजगी असे तीन वर्ग केले, राष्ट्रीय जमीन आयोगाची तरतूद केली आणि परदेशी नागरिकांचा जमीनधारणेचा हक्क जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यापुरता मर्यादित केला. २०१३ पासून ४७ जिल्हा शासने अस्तित्वात आली; राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा त्यांना देणे बंधनकारक आहे. शेतजमिनीच्या व्यवहारास जमीन नियंत्रण मंडळाची संमती घेण्याची १९६७ च्या कायद्यातील अट होतीच. तिच्या जोडीला २०१३ च्या वैवाहिक मालमत्ता कायद्याने जोडीदाराच्या संमतीविना वैवाहिक मालमत्ता विकण्यास प्रतिबंध केला. पूर्वी अनेकदा पतीने जमीन विकल्याचे पत्नीला कुंपण पडल्यावरच कळत असे. तिच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे.

२०१६ च्या सामुदायिक जमीन कायद्याने १९६८ चा ग्रुप रँच कायदा रद्द केला. आता निर्णयाचा अधिकार मोजक्या प्रतिनिधींऐवजी सर्व प्रौढ सदस्यांच्या सभेकडे आहे, स्त्री-पुरुषांना समान सदस्यत्व आहे आणि जमीन हस्तांतरित करण्यासाठी दोनतृतीयांश सदस्यांची संमती लागते. सामाईक संसाधनांचे व्यवस्थापन स्थानिक समूह नियम ठरवून यशस्वीपणे करू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सिद्ध केले व त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा कायदा त्याच विचाराशी सुसंगत आहे. मात्र काजियाडोतील बहुतांश ग्रुप रँच त्यापूर्वीच विभागल्या गेल्या होत्या. म्हणून तेथे आज सामाईक मालकी परत आणण्यापेक्षा शेजारी जमीनधारकांनी कुंपणे काढून कुरणे एकत्र वापरण्याचे करार करणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

भारताच्या दृष्टीने

चराऊ जमिनीचा प्रश्न भारतातही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक हक्कांबरोबरच सामूहिक हक्क मान्य केले असून भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी चराईच्या हक्काचाही त्यात उल्लेख आहे. महामार्ग, औद्योगिक पट्टे आणि सौर व पवनऊर्जा प्रकल्प यांसाठी माळरानांची मागणी वाढत असताना ही जमीन ‘पडीक’ समजून वर्ग करण्यापूर्वी तिच्यावर कोणाचा कोणत्या हंगामात वावर आहे, याची नोंद होणे अगत्याचे आहे. काजियाडोच्या अनुभवावरून असे दिसते की, नोंदणीच्या वेळी सुटून गेलेला हक्क पुढे कायद्याने मिळवून देणे फार कठीण जाते.

समारोप

हक्कपत्र, लोकसंख्यावाढ व पायाभूत सुविधा यांपैकी कोणताही घटक स्वतः विकास घडवीत नाही किंवा विनाशही करीत नाही. जमिनीचा उपयोग कोणत्या स्वरूपाचा आहे आणि हे घटक कोणत्या क्रमाने येतात, यावर फलनिष्पत्ती अवलंबून असते. काजियाडोत वाटणी आधी, रस्ता नंतर आणि नियोजन सर्वांत शेवटी आले. स्त्रियांसह सर्व हक्कधारकांची नोंद, जमिनीच्या उपयोगाचा आराखडा, पाण्याची तरतूद आणि त्यानंतर रस्ता असा क्रम ठेवला असता, तर वाढलेल्या किमतीचा अधिक वाटा मूळ रहिवाशांच्या हाती राहिला असता. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील विस्तीर्ण कुरणांत हा क्रम पाळण्याची संधी अद्याप आहे. तेथे पुढील महामार्ग पोहोचण्यापूर्वी तिचा उपयोग केला जातो की नाही, यावर तेथील पशुपालक कुटुंबांच्या पुढील पिढीचे भवितव्य ठरणार आहे.